कुणाला न दाखवायची वही

जुनाट दुखणं घेऊन जगणाऱ्या माणसाला आपल्या आजाराबद्दल सतत बोलावं लागतं, आणि तरीही त्याबद्दलचं खरं बोलणं बहुधा राहूनच जातं. ओपीडीत डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर गोळ्यांच्या आणि रिपोर्टच्या भाषेत द्यायचं असतं, कारण मागे रांग उभी असते. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात निरनिराळ्या देशांतल्या तपासणीच्या वेळांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत भारतातल्या प्राथमिक तपासणीचा सरासरी वेळ दोन मिनिटांच्या आसपास भरला होता. घरची माणसं विचारतात तेव्हा ‘बरं आहे’ एवढंच ऐकण्याची त्यांची तयारी असते. त्यात त्यांचा दोष नाही. रोजच्या रोज दुसऱ्याचं दुखणं ऐकून घेण्याची ताकद कुणाकडेच नसते. पाहुणेरावळे तर विचारता विचारताच उपाय सांगू लागतात, अमक्या गावचा काढा, तमक्या वाराचा उपास. मग दुखणाईत माणूस ज्याच्या त्याच्यासाठी आपली हकीकत बेतून सांगायला शिकतो. दमा, आमवात, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, एचआयव्ही हे आजार दहा-दहा, वीस-वीस वर्षं सोबत राहतात आणि तेवढी वर्षं ही बेतलेली हकीकतच चालू राहते. मानसशास्त्रात ज्याला भावनाभिव्यक्तीचं लेखन म्हणतात त्याचा उपयोग इथे आहे, असं मला वाटतं. कागदावर उतरलेल्या शब्दांत काही औषधी गुण असतो म्हणून ते उपयोगी पडतं असं नाही. ऐकणारा कुणीही नाही अशी जागा ते माणसाला मिळवून देतं, आणि सातारा-सांगलीकडच्या माणसांनी गजबजलेल्या घरांत हीच जागा सहसा मिळत नाही.

या लेखनाच्या अभ्यासाची सुरुवात आजाऱ्यांपासून झालेली नाही. १९८६ साली अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींना अगदी किरकोळ विषय दिले. काहींना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाची फक्त हकीकत लिहायला सांगितली, काहींना त्या प्रसंगाबद्दलच्या फक्त भावना, आणि एका गटाला दोन्ही. लिहून झाल्याझाल्या क्लेशाबद्दल लिहिणाऱ्यांची मनं जड झाली होती, रक्तदाबही वाढला होता. पुढच्या सहा महिन्यांत मात्र ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं होतं त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नुसती हकीकत लिहून असा फरक पडला नाही, नुसतं रडगाणं लिहूनही पडला नाही. आणि विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेलं होतं की लिहिलेलं गुप्त राहील, शुद्धलेखन कुणी तपासणार नाही, वाक्यं मोडकी निघाली तरी चालतील.

आजाऱ्यांपर्यंत ही गोष्ट ठामपणे पोचली ती एप्रिल १९९९ मध्ये. जोशुआ स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दमा आणि आमवात असलेल्या ११२ रुग्णांचा अभ्यास मांडला. शेवटपर्यंत १०७ टिकले, त्यात ५८ दम्याचे आणि ४९ आमवाताचे. सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं लेखन. एका गटाने आयुष्यातल्या सर्वांत ताणाच्या अनुभवाबद्दल लिहिलं, दुसऱ्याने दिवसभराच्या कामांचा बेत. सर्वांची नेहमीची औषधं चालूच होती. चार महिन्यांनी पाहिलं तेव्हा मनातलं लिहिणाऱ्या दमेकऱ्यांची एका सेकंदात जोराने श्वास सोडण्याची क्षमता अपेक्षित मापाच्या ६३.९ टक्क्यांवरून ७६.३ टक्क्यांवर गेली होती. आमवाताच्या रुग्णांमध्ये आजाराची तीव्रता डॉक्टरांच्या मोजमापात २८ टक्क्यांनी उतरली होती. औषधोपचाराच्या दृष्टीने दखल घ्यावी इतकी सुधारणा मनातलं लिहिणाऱ्या गटात ४७.१ टक्के लोकांत दिसली, दुसऱ्या गटात २४.३ टक्के लोकांत. एका तासाच्या लिखाणाने फुप्फुसाचं माप बदलावं, हे वाचून डॉक्टर मंडळी चकित झाली यात नवल नाही.

लिहायचं म्हणजे नक्की काय, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. तासगावकडची पन्नाशीची बाई आहे, आमवाताची. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत, परातीत पीठ मळलं तरी भाकरी थापता येत नाही. पहिल्या दिवशी तिच्या वहीत बहुधा तक्रारच उतरेल. बोटं सुजलीत, सुई टोचल्यासारखं होतं, गोळीने पोटात आग पडते, डॉक्टर म्हणतात चालायचंच. दुसऱ्या दिवशी सून येईल. सून भाकरी करते, चांगली करते, पण पातळ करते, आणि हे बोलून दाखवलं की घरात धुसफूस. तिसऱ्या दिवशी एखादं वाक्य असं येतं की लिहिणारीच थबकते. भाकरी पातळ होते याचा राग नाही, ज्या हातांनी तीस वर्षं हे घर जेवलं त्या हातांवाचून घर जेवू शकतं याचा राग आहे. चौथ्या दिवशी ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘आत्ता कळतंय’ असे शब्द दिसू लागतात, सुनेच्या बाजूनेही एखादी ओळ लिहिली जाते. सांधे तेच, गोळ्या त्याच. पण सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं ते सुटं झालं आणि त्यातलं दुखणं कुठलं, अपमान कुठला, भीती कुठली हे वेगळं दिसू लागलं. पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अशा लेखनातले शब्द संगणकाने मोजले तेव्हा त्यांना याच्याशी जुळणारं काही आढळलं. ज्यांच्या लिखाणात कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द दिवसागणिक वाढत गेले, त्यांची प्रकृती पुढे जास्त सुधारली. पहिल्याच दिवशी घोटीव गोष्ट लिहून देणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम इतका मोठा राहिला नाही. दमेकऱ्यांवर पुन्हा केलेल्या प्रयोगात फुप्फुसाची सुधारणा दिसली नाही. २००४ साली आजारी लोकांवरचे नऊ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यांत लाभ दिसला, पण लहान. २००६ साली जोआन फ्रॅटॅरोली यांनी १४६ अभ्यासांची गोळाबेरीज केली आणि सरासरी परिणामाचा सहसंबंध ०.०७५ इतकाच निघाला. हा आकडा शून्य नाही, पण तो पाहून कुणी गोळ्या बंद कराव्यात असाही नाही. लेखनाने आमवात बरा होतो असं सांगणारा माणूस रुग्णाचं नुकसान करतो, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. दम्याचा पंप, आमवाताचं मेथोट्रेक्सेट, मधुमेहाचं इन्सुलिन यांच्या जागी वही येऊ शकत नाही. तरीही सरासरीवर थांबणं मला पटत नाही, कारण सरासरीत सगळे एकत्र कालवले जातात. फ्रॅटॅरोलींच्याच तपासणीत परिणाम कुठे जास्त दिसला हेही आलेलं आहे. शरीराचा आजार असलेल्यांत तो जास्त होता. किमान तीन वेळा आणि प्रत्येक वेळी पंधरा मिनिटांहून कमी नाही असं लेखन जिथे झालं तिथे तो जास्त होता. आणि लेखन घरी, एकांतात झालं तिथेही तो जास्त होता. ही शेवटची बाब संशोधक सहसा कार्यपद्धतीचा तपशील म्हणून नोंदवतात आणि पुढे जातात. माझ्या मते सगळ्याचं मर्म तिथेच आहे.

याला सर्वांत चांगला आधार कर्करोगाच्या रुग्णांच्या अभ्यासांतून मिळतो. १९९८ साली स्टीफन लेपोर आणि विकी हेल्गेसन यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगातून गेलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. आपण आजाराबद्दल बोलू लागलो की बायको, नातेवाईक विषय बदलतात, अस्वस्थ होतात किंवा ‘नको ते मनात आणू नको’ म्हणतात, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्या मनात आजाराचे विचार जास्त घुसत राहिले आणि त्यांचं मानसिक स्वास्थ्यही जास्त ढासळलेलं होतं. २००४ साली सँड्रा झाकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला. अशा बोलणं अडलेल्या रुग्णांनी लिहिलं तर? प्रोस्टेटचा किंवा स्त्रियांच्या जननेंद्रियांचा कर्करोग झालेल्यांना तीन दिवस, वीस-वीस मिनिटं लिहायला दिलं. सहा महिन्यांनी असं दिसलं की घरी बोलणं अडलेलं असूनही ज्यांनी मनातलं लिहिलं त्यांचा त्रास, ज्यांचं घरी मोकळेपणाने बोलणं होतं त्यांच्या पातळीवर आला होता. ज्यांचं बोलणं अडलेलं होतं आणि ज्यांनी साधंच काही लिहिलं त्यांचा त्रास मात्र जास्तच राहिला. लेखन सगळ्यांना थोडंथोडं देतं असं नाही. ज्यांना बोलायला जागा नाही त्यांना ते बरंच देतं, ज्यांना आहे त्यांना फारसं देत नाही. दोघांची सरासरी काढली की आकडा लहान दिसणारच.

मग प्रश्न असा की आपल्याकडे बोलणं अडलेलं आहे का. आपली माणसं नात्यागोत्याने बांधलेली, सुखदुःखात धावून येणारी, त्यांना वहीची काय गरज, असा आक्षेप हमखास येतो. धावून येणं खरं आहे. माणदेशातल्या गावात कुणाला रात्री मिरजेला न्यायचं झालं तर गाडी करणारे, सोबत जाणारे, दवाखान्यात मुक्काम करणारे चार जण उभे राहतात. पण आधार मिळणं आणि मोकळं होता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जो आपल्यासाठी राबतो त्याच्यापुढे तर तोंड उघडणं आणखीच कठीण. मुलाने ऊस घालून आलेले पैसे डायलिसिसला लावले असताना ‘मला आता हे नको झालंय’ हे बापाने कुणाला सांगायचं? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे आणि मुलीचं लग्न जमवायचं असेल तर तिला व्यवहाराची धारही असते. सोरायसिस, अपस्मार, कोड यांपैकी काहीही घरात असलं तर ते झाकण्यात सगळं घर सामील होतं. वाचणारा समोर असला की जिवाभावाच्या माणसालाही आपण आपलं दुखणं आवरून सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या नायगावला माहेरी आजारपणातून उठलेल्या सावित्रीबाई फुल्यांनी ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतिरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. आपण आता बऱ्या आहोत आणि भावाने फार काळजी घेतली, एवढं सांगून त्या लगेच भावाशी झालेल्या वादाकडे वळतात. वाद महार-मांगांसाठी दोघं करत असलेल्या कामाचा होता आणि त्यांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा होता. तरी पत्राची ही रीतच असते. पलीकडचा माणूस काळजीत आहे हे ठाऊक असल्यामुळे लिहिणारा आधी त्याला धीर देतो.

सांगली जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो एचआयव्हीमुळे. महाराष्ट्र जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत मोडत होता आणि राज्यात सांगलीला त्याची मोठी झळ बसली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत औषधं सुरू झाली आणि हा आजार हळूहळू मधुमेहासारखा जन्मभर सांभाळायचा झाला. पण मधुमेहाची गोळी माणूस पंगतीत बसून घेतो, ही गोळी दुसऱ्या डबीत घालून ठेवावी लागते. २००४ सालीच न्यूझीलंडमधल्या कीथ पेट्री आणि सहकाऱ्यांनी ३७ एचआयव्हीग्रस्तांना चार दिवस रोज अर्धा तास लिहायला दिलं. मनातलं लिहिणाऱ्यांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशींची संख्या पुढच्या महिन्यांत साधं लिहिणाऱ्यांच्या तुलनेत वाढलेली दिसली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमारत उभी करता येणार नाही. पण ज्या आजारात बोलणं जास्तीत जास्त अडतं त्याच आजारात रक्तातल्या पेशींवर फरक दिसावा, हे वरच्या मांडणीशी जुळतं.

यावर सांगलीतूनच एक उलट उत्तर येऊ शकतं आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. १९९२ साली मीना शेषू यांनी सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली. १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या बायकांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या बायकांनी आपली हकीकत वहीत झाकून ठेवली नाही. सभांमध्ये सांगितली, नाटक करून रंगमंचावर आणली, पोलिसांना आणि डॉक्टरांना ऐकवली. दवाखान्यातली वागणूक बदलली ती अशा जाहीर बोलण्याने, एकट्याने लिहिण्याने कधीच बदलली नसती. हे मला पूर्ण मान्य आहे. जिथे दुखण्याचं मूळ लोकांच्या वागण्यात आहे तिथे रुग्णाला वही देऊन गप्प बसवणं हा अन्याय होईल. पण संघटनेतही प्रत्येक गोष्ट बोलता येत नाही. चळवळीला निर्धाराची भाषा लागते, आणि रात्री अडीच वाजता गोळीची मळमळ सोसत असताना मनात येतं ते निर्धाराचं नसतं. लोकांसमोर ठाम उभं राहणाऱ्या माणसालाही असं ठिकाण लागतं जिथे ठाम नसलं तरी चालतं.

असं ठिकाण मिळवणं किती अवघड, याचं उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यातच, फलटणला आहे. ‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे आजारासाठी लिहीत नव्हत्या, आपल्या समाजाची हकीकत लिहीत होत्या, त्यामुळे त्यांच्या लेखनाला उपचार म्हणणं चुकीचं ठरेल. पण ते कसं झालं हे पाहण्यासारखं आहे. घरच्या छोट्या दुकानात बसून त्या लिहीत आणि वह्या घरच्यांच्या, नवऱ्याच्या नजरेआड ठेवत. वीसेक वर्षं हे लेखन झाकलेलं राहिलं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आलं, ‘स्त्री’ मासिकात छापलं गेलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. म्हणजे लिहिता येणं हा अर्धाच प्रश्न असतो. बाई वही घेऊन बसली की ‘काय लिहितेस?’ हा प्रश्न येतोच, आणि वही सापडली तर काय, ही भीती त्याच्या पाठोपाठ येते. म्हणून ‘रोज डायरी लिहा’ असा सल्ला केसपेपरवर लिहून देणं पुरेसं नाही. वही कुठे ठेवायची, की लिहून झाल्यावर पानं फाडून चुलीत टाकायची, हेही सांगायला हवं. फाडून टाकल्याने काही वाया जात नाही. या लेखनाचं काम लिहिताना होतं, साठवल्याने होत नाही. पद्मजा फाटक यांनी ‘हसरी किडनी’मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराची आणि प्रत्यारोपणाची कहाणी सांगितली. तसं पुस्तक वाचकासाठी असतं. त्यातली निवड, मांडणी, विनोद हे सगळं वाचकाचा हात धरण्यासाठी असतं आणि ते मोलाचं आहे. दुखण्याच्या वहीला मात्र त्यातलं काहीही नको. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, अक्षर कसं वळणदार, सारखं, स्वच्छ काढावं हे समर्थ तिथे बारकाईने सांगतात. सज्जनगडाच्या मुलखात वहीबद्दलचा तो आदर अजून टिकून आहे आणि कित्येकांचा हात त्यामुळेच आखडतो. या वहीपुरतं अक्षर वाईट आलं तर बिघडत नाही, येऊ द्यावं.

दुसरा मोठा आक्षेप असा की दुखणं लिहीत बसल्याने ते आणखी उगाळलं जाईल. या भीतीत तथ्य आहे. सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर केलेल्या संशोधनातून दाखवून दिलं की दुःख पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या माणसांचं नैराश्य लांबतं. लिहिणं उगाळण्याकडे वळू शकतं, आणि वळलं तर थांबवावं. ओळखण्याची खूण सोपी आहे. तीन दिवस तेच वाक्य, तोच दोष, तोच माणूस आणि शेवटी तोच हुंदका येत असेल तर ते उगाळणं. मजकूर सरकत असेल, काल ‘त्याने’ होतं तिथे आज ‘मी’ येत असेल, उद्या पुन्हा ‘त्याच्या जागी’ येत असेल, तर काही तरी सुटतं आहे. म्हणूनच मूळ पद्धतीत मुदत आहे, तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं, पुरे. रोज वर्षभर रडगाणं लिहा असं त्यात कुठेच नाही. पेनेबेकर आणखी एक पथ्य सांगतात. एखादा विषय लिहिताना आपण कोसळू असं वाटलं तर तो सोडून दुसरा घ्यावा. हे पथ्य गंभीरपणे घ्यायला हवं. १९९६ साली इस्रायलमध्ये भीषण प्रसंगांतून गेलेल्या आणि त्याचा मानसिक आजार जडलेल्या मोजक्या रुग्णांना असं लिहायला दिलं गेलं तेव्हा त्यांचा त्रास वाढला. त्यामुळे ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, ज्यांचं नैराश्य तीव्र आहे, जे परवाच्या अपघातातून अजून बाहेर आलेले नाहीत, त्यांच्या हाती एकट्याने वही देऊ नये. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञ हवा.

नामस्मरणाची वही लिहिणाऱ्यांना हा सगळा खटाटोप परका वाटू शकतो. गोंदवल्याच्या परंपरेत रामनाम लिहून वह्या भरणारी कितीतरी माणसं आहेत आणि दुखण्यात त्यांना त्याचा आधार वाटतो. तो आधार खरा आहे, तो काढून घेण्याचं कारण नाही. दोन्ही वह्यांचं काम निराळं आहे. जप मनाला एका जागी आणतो, इकडेतिकडे जाऊ देत नाही. हे लेखन मनाला मुद्दाम जिथे जायचं नव्हतं तिथे नेतं. एकाच बाईच्या उशाशी दोन्ही वह्या असल्या तर त्यात विरोध काहीच नाही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय, हा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण जुनाट आजारांचं ओझं वाहणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांपैकी अनेकजणी शाळेत गेलेल्याच नाहीत. आमवाताने बोटं वाकलेल्यांना आणि साखरेने दृष्टी गेलेल्यांना पेन धरणंही जमत नाही. सांगलीत जन्मलेल्या आणि १९७६ साली मिरजेत वारलेल्या वि. स. खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली तेव्हा लेखनिकाला सांगून त्यांचं काम चालू राहिलं. कादंबरीला ते चालतं, इथे चालणार नाही. लेखनिक आला की वाचक आला. पण बोलण्याचा मार्ग आहे. १९९४ साली ब्रायन एस्टरलिंग यांच्या प्रयोगात काहींनी क्लेशाबद्दल लिहिलं आणि काहींनी त्याबद्दल एकट्याने टेपरेकॉर्डरशी बोलून घेतलं. रक्तातल्या विषाणूविरोधी प्रतिपिंडांच्या मोजमापात बोलणाऱ्यांचा निकाल लिहिणाऱ्यांपेक्षाही चांगला होता. आज नातवाच्या जुन्या फोनवर आवाज नोंदवता येतो आणि पुसताही येतो. शेताच्या बांधावर, गोठ्यात, गच्चीवर वीस मिनिटं बोलून मग पुसून टाकणं पासष्टीच्या बाईला सहज शिकवता येईल. आणि हे तिला वाटतं तितकं नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, उपासमार आहे, दुखणीही आहेत. पहाटे, घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीत बाई जे म्हणे त्याला उलट उत्तर देणारं कुणी नसे. गिरण्या आल्या आणि तिच्या हाताचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पहाटेची ती वेळ मात्र दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही.

वय झालेल्यांना याचा काय उपयोग, असंही विचारलं जातं. २०१३ साली न्यूझीलंडमध्ये हायडी कोशवानेझ आणि सहकाऱ्यांनी ६४ ते ९७ वयाच्या ४९ माणसांकडून तीन दिवस असं लेखन करून घेतलं आणि नंतर दंडावर एक छोटी जखम केली. अकराव्या दिवशी मनातलं लिहिणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांची जखम भरलेली होती, साधं लिहिणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांची. मधुमेहाने पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळलेली माणसं ज्या घरांत आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मात्र त्या अभ्यासातली माणसं निरोगी होती, मधुमेही नव्हती, हे त्यांना सांगितलंच पाहिजे.

इथपर्यंतचा सगळा पुरावा परक्या मुलखातला, परक्या भाषेतला आहे. तो इथे तपासून पाहायला फार खर्च लागत नाही. मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं केंद्र आहे, लिहिताना कोसळणाऱ्याला सावरू शकतील अशी माणसं तिथे मिळतील. आमवाताच्या आणि दम्याच्या ओपीडीतून राजी असलेले रुग्ण घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकाने मनातलं लिहावं किंवा बोलावं, दुसऱ्याने उद्याच्या कामांची यादी करावी, औषधं दोघांची चालू ठेवावीत आणि चार महिन्यांनी श्वासाचं आणि सांध्यांचं माप घ्यावं. मोजमाप करणाऱ्या डॉक्टरला कोण कुठल्या गटात हे ठाऊक नसावं. घरी बोलणं कितपत होतं हे दोन्ही गटांना सुरुवातीलाच विचारून ठेवावं, कारण वर मांडलेला मुद्दा खरा असेल तर फरक तिथेच दिसायला हवा, आणि दिसला नाही तर तो मुद्दा सोडून द्यावा लागेल. संशोधकांना वह्या वाचण्याचा मोह होईल, शब्द मोजण्यासाठी त्या हव्या असतात. तरीही पहिल्या फेरीत एकही वही गोळा करू नये, आणि तसं रुग्णाला लिहायला बसण्याआधी, नातेवाइकांना खोलीबाहेर बसवून, स्पष्ट सांगावं.